ट्रॉली आमच्या मॉडेलमध्ये नव्हती

स्पेकवर, म्हणजे सॉफ्टवेअरनं काय करायचं ते लिहिलेल्या डॉक्युमेंटवर, क्लायंटची सही झाली की माझं काम संपलं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. पुढचं डेव्हलपर आणि टेस्टर बघून घेतील. मागच्या प्रोजेक्टात एका शब्दावरून तीन आठवडे भांडण चाललं. टेस्टर म्हणे बग आहे, डेव्हलपर म्हणे स्पेकप्रमाणे आहे, आणि स्पेक उघडून पाहिलं तर दोघंही बरोबर. वाक्य मीच लिहिलेलं होतं. त्यानंतर ठरवलं की पुढच्या कामात डॉक्युमेंट कोणाच्या हाती देण्याआधी त्यातली वाक्यं एखाद्या अशा वाचकासमोर ठेवायची, जो आपल्या मनातलं ओळखून घेणार नाही. असा वाचक माणसांत मिळत नाही, म्हणून फॉर्मल मेथड्सकडे वळले, म्हणजे वाक्यं गणिती भाषेत मांडून (हेच मॉडेल) टूलकडून तपासून घेण्याच्या पद्धतींकडे. गणितावर प्रेम वगैरे काही नव्हतं.

पुढचं काम होतं एका मोठ्या रुग्णालयासाठी बेड वाटपाची सिस्टिम. कुठल्या वॉर्डात कुठला बेड मोकळा आहे, कोणाला द्यायचा, आयसीयूतून वॉर्डात आणि वॉर्डातून आयसीयूत कोणाला कधी हलवायचं. दीड महिना बैठका झाल्या. डॉक्युमेंटमधली ही चार वाक्यं बघा:

एका बेडवर एका वेळी एकच रुग्ण असेल. दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाला बेड असेल. रुग्णाला हलवण्याआधी नवा बेड मोकळा असला पाहिजे. तातडीच्या रुग्णासाठी प्रत्येक वॉर्डात एक बेड नेहमी राखून ठेवलेला असेल.

वाचताना कुठे अडखळलात? आम्हीही नाही. रिव्ह्यूला अकरा जण होते, चारही वाक्यं माना डोलावून पुढे गेली.

टूल निवडायला फार वेळ घेतला नाही. झेड आणि इव्हेंट-बी या स्पेक लिहिण्याच्या दोन पद्धती जाँ-रेमों आब्रियाल यांच्या नावाशी जोडलेल्या, भक्कम, पण मला एकटीला शनिवार-रविवारात झेपतील असं वाटलं नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांचं टीएलए प्लस जास्त मोहात पाडणारं होतं. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी ते डायनॅमोडीबी या आपल्या वितरित डेटाबेसवर वापरलं आणि एक अशी चूक सापडली जिच्यापर्यंत नेणारा सर्वांत लहान माग ३५ पायऱ्यांचा होता, हे त्यांनी २०१५ मध्ये लिहिलेलं मी वाचलं होतं. पण माझं दुखणं वितरित डेटाबेसचं नव्हतं. माझ्याकडे होत्या चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, म्हणजे आपला नेहमीचा ईआर डायग्राम. त्यासाठी ॲलॉय जवळचं वाटलं. एमआयटीतल्या डॅनियल जॅक्सन यांच्या या भाषेत सगळं काही संच आणि त्यांच्यातली नाती असतं, आणि २०२१ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात काळही आला. म्हणजे 'नेहमी', 'कधीतरी', 'पुढच्या क्षणी' हे थेट लिहिता येतं.

ॲलॉयची कामाची रीत एका ओळीत सांगायची तर अशी: तुम्ही नियम लिहायचे, ते त्या नियमांत बसणारी छोटी छोटी जगं शोधून दाखवतं. तीन बेड, तीन रुग्ण, दोन वॉर्ड, एवढंच. तेवढ्या आकारातली प्रत्येक शक्यता ते तपासतं. बहुतेक चुका लहान उदाहरणातच उघड्या पडतात, या भरवशावर हे चालतं. मोठ्या आकाराबद्दल ते काहीच हमी देत नाही, आणि तसं साफ सांगतंही. दावा टिकला तरी त्याचा निरोप असतो की हा 'कदाचित' खरा असेल. इतका नम्र रिव्ह्यूअर मी आयुष्यात पाहिलेला नाही.

यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत. 'फॅक्ट' म्हणजे जे मी खरं धरते ते. त्याच्या बाहेरचं जग टूल कधीच दाखवत नाही. 'असर्ट' म्हणजे जे खरं निघेल असा माझा दावा आहे ते. ते खोटं पाडणारं जग शोधायला टूल धावतं. पहिल्या दिवशी मला हा फरक निव्वळ तांत्रिक वाटला. मी चारही वाक्यं फॅक्ट म्हणून टाकली. क्लायंटनं सांगितलंय, सही होणार आहे, मग फॅक्टच ना!

त्यावर इतर पानांतले सहा दावे असर्ट करून तपासले. सहाच्या सहा टिकले, एकही प्रतिउदाहरण नाही. रविवारी संध्याकाळी मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

सोमवारी सहकाऱ्याला दाखवायला म्हणून काहीही न तपासता नुसतं एक जग काढून दाखव असं सांगितलं. पडद्यावर काहीच नाही. आधी वाटलं चित्र लोड व्हायचंय. मग कळलं की हेच चित्र आहे: शून्य वॉर्ड, शून्य बेड, शून्य रुग्ण. रिकाम्या रुग्णालयात कुठलाच नियम मोडत नाही. बरं, म्हटलं, निदान एक वॉर्ड असलाच पाहिजे. उत्तर आलं, असं जग सापडत नाही. म्हणजे माझे नियम पाळणारं, एक तरी वॉर्ड असलेलं रुग्णालय या आकारात अस्तित्वातच नव्हतं, आणि त्या नसलेल्या रुग्णालयाबद्दल मी सहा दावे 'सिद्ध' करून बसले होते. कारण अगदी किरकोळ होतं. बेडवर 'जास्तीत जास्त एक' रुग्ण असं लिहायच्या जागी मी 'नेमका एक' लिहिलं होतं. ॲलॉयच्या भाषेत lone आणि one, दोन छोटे शब्द. एकीकडे प्रत्येक बेडवर नेमका एक रुग्ण, दुसरीकडे प्रत्येक वॉर्डात एक बेड रिकामा. दोन्ही एकदम कसं होणार?

चूक माझी, टूलची नाही. पण मग मी मूळ वाक्य पुन्हा वाचलं: 'एका बेडवर एका वेळी एकच रुग्ण असेल.' यात रिकामा बेड कुठे आहे? मराठीतही नाही. आपण तो समजून घेतो. त्या दिवसापासून सवय लावून घेतली, की असर्ट चालवण्याआधी निदान एक भरलेलं, नांदतं जग टूलकडून काढून घ्यायचं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर तो रविवार वाचला असता.

दुरुस्ती केल्यावर पुढचा अडथळा राखीव बेडचा. दोन बेडचा वॉर्ड, एकावर रुग्ण, एक राखीव. तातडीचा रुग्ण आला. टूल म्हणतं, याला बेड देणारं पुढचं पाऊल नाही, कारण दिला तर 'नेहमी एक राखीव' हा नियम मोडतो. म्हणजे तातडीसाठी ठेवलेला बेड तातडीला वापरता येत नाही. आयसीयूच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. "राखीव म्हणजे रिकामा ठेवायचाच असं कुठे म्हणालो मी? शेवटचा उरलेला बेड तातडीलाच द्यायचा, एवढंच." वाक्य बदललं, पाच मिनिटांत विषय संपला. कोडमध्ये गेल्यावर हेच पाच मिनिटांत संपलं नसतं.

खरी गंमत तिसऱ्या वाक्यात होती.

मी दावा लिहिला: बदलीची विनंती आली की ती कधीतरी पूर्ण होतेच. पहिलं प्रतिउदाहरण आलं ते अपमान वाटावा इतकं साधं. विनंती आली, आणि त्यानंतर कोणीच काही केलं नाही. सगळी पात्रं जागच्या जागी, अनंत काळ. ॲलॉयमध्ये असा माग शेवटी मागच्या एखाद्या स्थितीकडे वळतो आणि तेच तेच चालू राहतं, म्हणजे चित्रात बाण स्वतःभोवतीच गोल फिरत होता. हा नवशिक्यांचा ठरलेला अनुभव आहे, असं नंतर कळलं. यावर उपायही ठरलेला: जे पाऊल सतत शक्य आहे ते कधीतरी उचललं जाईलच, असं एक फॅक्ट घालायचं. घातलं. (हे फॅक्ट लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येते.)

मग दुसरं प्रतिउदाहरण आलं. दोन रुग्ण, दोन बेड, चार पायऱ्या. वॉर्डातला रुग्ण बिघडला, त्याला आयसीयू हवा. आयसीयूतला सुधारला, त्याला वॉर्ड हवा. दोन्हीकडे जागा भरलेल्या. वॉर्डातल्याला हलवायचं तर आयसीयूचा बेड आधी मोकळा हवा, आयसीयूतल्याला हलवायचं तर वॉर्डातला. दोघंही थांबले, कायमचे. ॲमेझॉनला ३५ पायऱ्या लागल्या होत्या, आमचं चारात आटोपलं.

ॲलॉयचं चित्र जसंच्या तसं बैठकीत नेऊ नये, हे शहाणपण मला तोवर आलं होतं. त्यात लंबगोल असतात, रुग्ण-शून्य, रुग्ण-एक अशी नावं असतात, आणि समोरची माणसं डोळे मिटू लागतात. मी कागदावर दोन पलंग काढले, दोन नावं लिहिली आणि गोष्ट सांगितली. मेट्रन ऐकत होत्या. दीड महिन्याच्या बैठकांत त्या फारसं बोलल्या नव्हत्या.

"हे तर आठवड्यातून दोनदा तरी होतं," त्या म्हणाल्या.

"मग काय करता, सिस्टर?"

"काय करणार? एकाला ट्रॉलीवर घेतो, दहा मिनिटं पॅसेजमध्ये ठेवतो, बेड बदलतो, चादर घालतो, दुसऱ्याला आणतो."

"आणि आत्ताच्या सिस्टिममध्ये?"

त्यांनी शेजारच्या सिस्टरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "डिस्चार्ज करतो. आणि परत दाखल करतो."

खोलीत जरा शांतता झाली. फार्मसीचे गृहस्थ म्हणाले, "म्हणून मधूनच कोणाकोणाच्या औषधांच्या ऑर्डर बंद पडलेल्या दिसतात आम्हाला!"

एवढ्या बैठकांत हे एकदाही आलं नव्हतं. लपवलं कोणीच नव्हतं. 'बदली कशी करता' असं विचारलं की माणूस नियम सांगतो. 'हे दोघं असे अडकलेत, आता?' असं विचारलं की तो काय करतो ते सांगतो.

ट्रॉली आमच्या मॉडेलमध्ये नव्हती. पॅसेज नव्हता. ऑपरेशन थिएटरही नव्हतं. आमच्या डायग्रामवर रुग्णाकडून बेडकडे एक रेघ जात होती आणि तिच्यावर 'आहे' असं लिहिलं होतं. ती एक रेघ दोन वेगळ्या गोष्टींचं ओझं वाहत होती: कुठला बेड या रुग्णाच्या नावावर आहे, आणि रुग्ण आत्ता प्रत्यक्ष कुठे आहे. थिएटरमध्ये नेलेल्या रुग्णाचा बेड नावावर राहतो, तिथे तो नसतो. ट्रॉलीवरचा रुग्ण असतो, पण नावावर कदाचित काहीच नसतं. रेघ फोडून दोन केल्या. 'स्थान' अशी नवी चौकट आली, बेड हा स्थानाचा एक प्रकार झाला, ट्रॉली आणि थिएटर हे दुसरे. 'मोकळा बेड' या शब्दाचे लगेच तीन अर्थ वेगळे झाले: तिथे कोणी नाही, तो कोणाच्या नावावर नाही, आणि साफ होऊन देण्याजोगा झाला आहे. 'डिस्चार्ज'चंही तेच. डॉक्टरांनी लिहिलं तो एक, बिल मिटलं तो दुसरा, माणूस प्रत्यक्ष बाहेर पडला तो तिसरा. मागच्या प्रोजेक्टातलं भांडणही याच जातीचं होतं.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं फॅक्ट. 'जे पाऊल शक्य आहे ते कधीतरी उचललं जाईल.' मॉडेलमध्ये ही एक ओळ. पण पाऊल उचलतं कोण? सिस्टिम तर रुग्णाला ढकलत नेत नाही. नेतो वॉर्डबॉय, तेही त्याला कोणी सांगितलं तर, आणि तो तीन मजले खाली नसेल तर. मी टूलचं तोंड बंद करायला जे वाक्य घातलं, ते खरं म्हणजे माणसांच्या वागण्याबद्दलचं एक गृहीतक होतं, आणि ते क्लायंटला कोणी विचारलेलंच नव्हतं.

इथे मला पामेला झेव्ह आणि मायकल जॅक्सन यांचा १९९७ चा निबंध उपयोगी पडला. (हे मायकल जॅक्सन सॉफ्टवेअरवाले, ॲलॉयच्या डॅनियल जॅक्सन यांचे वडील. नाचाशी संबंध नाही.) त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं, की वाक्यं दोन प्रकारची असतात. एक, जग आपोआपच कसं आहे ते सांगणारी. दुसरी, जग कसं व्हावं अशी आपली इच्छा सांगणारी. जग जसं आहे ते, अधिक यंत्र जे करील ते, या दोहोंतून इच्छा पूर्ण होते असं दाखवता आलं तर रिक्वायरमेंटचं काम झालं. आपल्या डॉक्युमेंटमध्ये मात्र सगळी वाक्यं एकाच 'असेल' मध्ये संपतात. 'एका बेडवर एकच रुग्ण असेल' ही वस्तुस्थिती, इच्छा, की सिस्टिमवरची सक्ती? 'असेल' हे क्रियापद तिन्ही पचवतं.

याची किंमत किती असू शकते हे सांगायला १४ सप्टेंबर १९९३ च्या वॉर्सा विमानतळावरच्या अपघाताचं उदाहरण नेहमी दिलं जातं. एअरबस ए-३२० ओल्या धावपट्टीवर उतरलं. विमान जमिनीवर आहे हे सॉफ्टवेअर चाकांवरचा भार आणि चाकांचं फिरणं यांवरून ओळखत असे. त्या दिवशी वारा आणि पाणी असं होतं की एका बाजूची चाकं सुमारे नऊ सेकंद उशिरा टेकली, आणि तोवर वेग कमी करणारी यंत्रणा पूर्ण कामाला लागलीच नाही. विमान धावपट्टी संपल्यावरच्या बांधावर आदळलं, दोघांचा मृत्यू झाला. कारणं अनेक होती, हवामानाची आणि वैमानिकांच्या निर्णयाचीही, पण सॉफ्टवेअरनं मात्र त्याला सांगितलं होतं तेच केलं. 'जमिनीवर असणं' आणि 'चाकांवर भार असणं' ही एकच गोष्ट आहे असं कोणीतरी फॅक्ट म्हणून धरलं होतं. आमची बाजी एवढी मोठी नव्हती, तरी ते वाचल्यावर मी सगळ्या फॅक्ट्सची यादी छापली आणि प्रत्येकीसमोर एक प्रश्न लिहिला: हे कोणामुळे खरं आहे?

एकूण एकोणीस फॅक्ट्स होती. यादी घेऊन मेट्रन, डॉक्टर, फार्मसी आणि हिशेब विभाग यांच्याकडे फिरले. सात खरोखरच जगाबद्दलची निघाली. नऊ आमच्या इच्छा होत्या, त्या असर्टमध्ये गेल्या आणि त्यातल्या काही तिथे लगेच आपटल्या. वॉर्डबॉयच्या फॅक्टमधून एक नवीन गरज निघाली: बदली ठराविक वेळात झाली नाही तर प्रमुख सिस्टरला सूचना गेली पाहिजे. उरलेल्या दोनांचं काय करायचं ते कोणालाच सांगता आलं नाही, म्हणून ती काढून टाकली. काही बिघडलं नाही.

याच यादीत सर्वांत वर होतं 'एका बेडवर जास्तीत जास्त एक रुग्ण.' त्याबद्दल मला शंकाच नव्हती, मेट्रननी ते वाचलं आणि विचारलं, "बाळंतिणीच्या वॉर्डात?"

नवजात बाळाचा स्वतंत्र केस पेपर असतो. त्याला नंबर असतो, औषधं असतात. म्हणजे सिस्टिमच्या लेखी तो रुग्ण, आणि तो आईच्या कुशीत असतो. टूल मला हे कधीच दाखवू शकलं नसतं, कारण अशी जगं मीच फॅक्ट लिहून दाराबाहेर ठेवली होती. इतके दिवस त्याच्या काटेकोरपणावर मी विसंबले होते, पण ते काटेकोर होतं माझ्या कुंपणाच्या आत. कुंपण कुठे घातलंय हे सांगायला केस पेपर रोज हाताळणारी बाईच लागली.

व्यवहाराचं बोलायचं तर सगळं मिळून मला साधारण पाच आठवडे लागले, रोजची बाकी कामं सांभाळून. मॅनेजरनी विचारलं, यातून कोड तयार होतो का. नाही. मग डेव्हलपरनी मॉडेल वाचायचं का? तेही फारसं नाही. एकानं वाचलं, त्याला आवडलं. बाकीच्यांना मी प्रत्येक प्रतिउदाहरण गोष्टीच्या रूपात स्पेकमध्येच दिलं, आणि टेस्टरनं त्या गोष्टी जशाच्या तशा टेस्ट केस म्हणून उचलल्या. आकार सहा रुग्ण आणि पंधरा पायऱ्यांवर नेला तेव्हा लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंगावायला लागला आणि मी तो नाद सोडला. पाच आठवड्यांत जे काही सापडलं ते तीन रुग्ण, तीन बेड एवढ्या आकारातच सापडलं.

बिलाच्या भागाचं मॉडेल मी केलंच नाही. तिथले नियम कागदावर स्पष्ट होते, आणि सगळ्याच वाक्यांना हा खटाटोप परवडत नाही. रिपोर्टचे स्क्रीन, छपाई, लॉगिन यांना साधं गद्य पुरतं.

एक दावा अजून आपटतोच आहे. आईला डिस्चार्ज मिळाला, बाळ काविळीसाठी थांबलं, मग बेड कोणाच्या नावावर? डॉक्टर म्हणतात बाळाच्या, हिशेब विभाग म्हणतो आईच्याच. मेट्रन म्हणतात, बेड कोणाच्याही नावावर टाका, पण आईला उठवू नका. पुढच्या बुधवारी यावर बैठक आहे. स्पेकमध्ये त्या जागी सध्या वाक्य नाही, तिघांची नावं आणि एक प्रश्नचिन्ह आहे.